एका नावाचा कायदा आणि मानीव दिनांक: जुन्या पेन्शनचे सदस्यत्व मागील तारखेने मिळते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले यजमान मध्य प्रदेश शासनाच्या एका बांधकाम खात्यात उपयंत्री आहेत. त्यांच्या पदाची जाहिरात 2003 मध्ये निघाली आणि निवड यादी सप्टेंबर 2004 मध्ये लागली. त्याच यादीतले काही जण डिसेंबर 2004 मध्ये रुजू झाले, पण यजमानांचे नियुक्तिपत्र कचेरीत पडून राहिल्यामुळे त्यांना मार्च 2005 मध्ये रुजू होता आले. मध्ये 1 जानेवारी 2005 ही मध्य प्रदेशात नवी पेन्शन योजना लागू होण्याची तारीख आली, आणि एकाच यादीतल्या माणसांपैकी काहींना जुनी पेन्शन व यजमानांना राष्ट्रीय पेन्शन योजना अशी वाटणी झाली. आपला मुलगा न्यू यॉर्क राज्यात असतो. तिथल्या विधिमंडळाने एकट्या कर्मचाऱ्याच्या नावाने कायदा करून त्याला पूर्वलक्षी प्रभावाने पेन्शन योजनेचे सदस्यत्व दिले, असे त्याने आपल्याला सांगितले. आपल्या आमदारांकरवी भोपाळच्या विधानसभेत असे विधेयक आणता येईल का, असे आपण विचारता.

कोषालय आणि पेन्शन कार्यालय यांत माझी एकतीस वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतरही इंदूरमध्ये माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे तारखांचीच असतात. म्हणून उत्तर आधी सांगतो. असा कायदा घटनेने सर्वस्वी निषिद्ध केलेला नाही, पण आपल्या कामाचा तो मार्ग नाही. आपल्याला जे हवे आहे ते आपल्याकडे नियमदुरुस्तीने, शासनाच्या ज्ञापनाने किंवा उच्च न्यायालयाच्या आदेशाने मिळते. मात्र ते मिळवण्यासाठी जी एक गोष्ट सिद्ध करावी लागते ती न्यू यॉर्कमध्ये आणि इंदूरमध्ये एकच आहे: उशीर कर्मचाऱ्याने केलेला नाही, तो दुसऱ्याच्या हातून झाला.

मुलाने सांगितलेली गोष्ट खरी आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. न्यू यॉर्क राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत सदस्यांच्या श्रेणी आहेत, आणि कोण कोणत्या श्रेणीत जाईल हे नोकरी कधी लागली यावरून ठरत नाही. सदस्यत्वाचा अर्ज योजनेकडे कधी नोंदला गेला यावरून ठरते. सर्वसाधारण राज्य कर्मचाऱ्यांसाठी 1 सप्टेंबर 1983 ते 31 डिसेंबर 2009 या काळात सदस्य झालेले चौथ्या श्रेणीत येतात आणि 1 एप्रिल 2012 पासूनचे सहाव्या श्रेणीत. चौथ्या श्रेणीतला माणूस तीस वर्षांची सेवा झाली की पंचावन्नाव्या वर्षी कपातीशिवाय निवृत्त होऊ शकतो. सहाव्या श्रेणीतल्याला त्रेसष्ट वर्षांपर्यंत थांबावे लागते. वर्गणीचेही तसेच आहे. चौथ्या श्रेणीतल्याला दहा वर्षांनंतर वर्गणी भरावी लागत नाही, सहाव्या श्रेणीतल्याला ती नोकरीभर भरावी लागते. आता असे समजा की एखादा माणूस 2008 मध्ये अर्धवेळ कामावर लागला. अर्धवेळ आणि तात्पुरत्या कामगारांना तिथे सदस्यत्व ऐच्छिक असते. त्याला कुणी फॉर्म दिला नाही, किंवा त्याने भरलेला फॉर्म कार्यालयाच्या कारकुनाने पुढे पाठवलाच नाही, आणि 2013 मध्ये तो कायम झाल्यावर त्याची पहिली नोंद झाली. नोकरी जुनी असूनही श्रेणी नवी, असा त्याचा घोटाळा होतो.

असे घोटाळे इतके होत होते की 1993 मध्ये तिथे सर्वांसाठी एक कायदा झाला. आपण सदस्यत्व स्पष्टपणे नाकारले नव्हते, हे जो दाखवू शकेल त्याला मागील तारखेने सदस्यत्व मागता येईल, असे त्यात होते, आणि अर्जाची मुदत ऑक्टोबर 1996 मध्ये संपली. मुदतीनंतर ज्यांची चूक उघडकीस आली त्यांच्यासाठी सर्वसाधारण दरवाजा बंद झाला, म्हणून एकेका नावाची विधेयके येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, अमुक कार्यालयात काम करणारा अमुक कर्मचारी, ज्याचा स्वतःचा काही दोष नसताना अर्ज वेळेत दाखल झाला नाही, तो अमुक तारखेपासून सदस्य झाला असे मानले जाईल. मात्र त्याने ठरावीक मुदतीत लेखी विनंती केली पाहिजे. आणि मागील सेवेचा खर्च त्याच्या मालक संस्थेने भरावा. विधेयकाला खर्चाचा अंदाज जोडणे कायद्याने बंधनकारक आहे. कर्मचारी गावाच्या किंवा परगण्याच्या सेवेतला असेल, तर त्या स्थानिक संस्थेने असा कायदा करावा अशी विनंती आधी करावी लागते, कारण पैसा तिच्या तिजोरीतून जाणार असतो. हे सगळे जमल्यावरही गव्हर्नरची सही लागते, आणि खर्चाची तरतूद नाही या कारणावरून अशी विधेयके परत गेलेली आहेत. म्हणजे एका नावाचा कायदा म्हटला तरी तो मेहेरबानीचा कागद नसतो. दोष कुणाचा, तारीख कोणती आणि पैसे कोण भरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात लिहिलेली असतात.

त्या साच्यातला ‘असे मानले जाईल’ हा शब्दप्रयोग आपल्या कामाचा आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत त्यालाच मानीव दिनांक म्हणतात. जे प्रत्यक्षात घडले नाही ते घडले असे कायदा धरून चालतो. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध पांडुरंग विनायक या खटल्यात सांगितले की, कायद्याने एखादी गोष्ट मानायला सांगितली की तिचे सर्व स्वाभाविक परिणामही मानले पाहिजेत. मध्येच थांबून चालत नाही. त्याच वेळी, ती कल्पना ज्या हेतूसाठी केली त्या हेतूच्या पलीकडे नेता येत नाही, हेही त्याच विचारात येते. याचा आपल्यापुरता अर्थ असा की, यजमानांना डिसेंबर 2004 ही मानीव दिनांक पेन्शनसाठी मिळाली, तर जुने नियम लागू होतील, भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडावे लागेल, नव्या योजनेतले पैसे वळते करावे लागतील. पण त्या तीन महिन्यांचा पगार त्यातून मिळणार नाही, आणि ज्येष्ठतेवर किंवा बढतीवर त्याचा हक्क सांगता येणार नाही. मी पाहिलेली कितीतरी प्रकरणे लोकांनी पगार, ज्येष्ठता आणि पेन्शन तिन्ही एका अर्जात मागितल्यामुळे वर्षानुवर्षे अडकली आहेत, म्हणून हे आधीच सांगतो.

आता भोपाळकडे येऊ. राज्याच्या तिजोरीतून द्यायची पेन्शन हा राज्य सूचीतला विषय आहे, तेव्हा विधानसभेला कायदा करण्याचा अधिकार नक्कीच आहे. एकाच व्यक्तीसाठी कायदा करता येतो का, या प्रश्नाचे उत्तरही आपल्याकडे जुने आहे. सोलापूरच्या कापड गिरणीचा ताबा घेणारा 1950 चा कायदा एकाच कंपनीपुरता होता, आणि चिरंजीतलाल चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने टिकवला. एकाच घटकाची परिस्थिती इतरांहून वेगळी असेल तर तो एकटाच स्वतंत्र वर्ग होऊ शकतो, असे त्याचे सार आहे. पण पुढे त्याच न्यायालयाने हैदराबादच्या एका सरदार घराण्यातला वारसाहक्काचा वाद एका कायद्याने परस्पर मिटवण्याचा प्रयत्न रद्द केला, कारण त्या घराण्याला इतरांपासून वेगळे काढण्यासाठी कोणतेही पटणारे कारण नव्हते. आपल्या यजमानांची परिस्थिती या दुसऱ्या खटल्याच्या जवळ जाते. 2004 च्या निवड यादीतले, पण 2005 मध्ये रुजू झालेले ते एकटे नाहीत. त्यांच्या एकट्याच्या नावाने कायदा झाला, तर उरलेल्यांपैकी कुणीही समानतेच्या अधिकाराखाली तो न्यायालयात नेईल, आणि त्याचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

दुसरी अडचण पैशाची आहे. ज्या विधेयकामुळे राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, खर्च होतो ते राज्यपालांनी विचारार्थ शिफारस केल्याशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही, असे घटनेच्या अनुच्छेद 207 मध्ये म्हटले आहे, आणि राज्यपालांची शिफारस म्हणजे व्यवहारात सरकारची संमती. म्हणून आमदारांचे खासगी विधेयक सरकारच्या इच्छेविरुद्ध पुढे सरकत नाही, आणि सरकारची इच्छा असेल तर मग विधेयकाची गरज उरत नाही. आमदारांना आपण जरूर भेटावे. त्यांच्याकडून विधानसभेत प्रश्न विचारला जाणे उपयोगाचे आहे, कारण अशा किती कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या प्रशासकीय विलंबाने लांबल्या याचे लेखी उत्तर खात्याला द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढे न्यायालयात कामी येते. विधेयकाच्या मागे मात्र त्यांना लावू नये.

सरकारला हे काम करायचे असेल तर साधन तयार आहे. अनुच्छेद 309 खाली राज्यपाल सरकारी सेवेच्या शर्तींचे नियम करतात, आणि हे नियम पूर्वलक्षी प्रभावानेही करता येतात, हे बी. एस. वढेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच मान्य केले आहे. मध्य प्रदेशाचे पेन्शन नियम याच अधिकारातून आलेले आहेत. त्यांत एक परिच्छेद वाढवून, ठरावीक तारखेपूर्वी निवड पूर्ण झालेल्या आणि स्वतःच्या दोषाशिवाय नंतर रुजू झालेल्या सर्वांना एकदाच जुन्या पेन्शनचा विकल्प देता येतो. वर्गासाठी नियम केला की समानतेचा आक्षेप राहत नाही, आणि जे एकाला हवे ते सर्वांना न्यायाने मिळते. मला व्यक्तिशः हाच मार्ग योग्य वाटतो. एखाद्याला ओळखीने मिळालेली पेन्शन शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळत नसेल, तर ती देणाऱ्या खात्यावरचा लोकांचा विश्वास राहत नाही.

आपल्या इंदूरला तर वर्गासाठी केलेल्या अशा तरतुदीचा घरचा अनुभव आहे. माझ्या आजोबांची कारकुनी होळकर संस्थानात सुरू झाली, 1948 नंतर मध्य भारतात चालू राहिली आणि 1956 नंतर मध्य प्रदेशात संपली. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 ने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या तोट्याच्या करता येणार नाहीत, असे ठरवले. जुन्या इंदुरातल्या किती मराठी घरांची चूल त्या एका कलमावर चालली असेल! त्या कलमात कुणाचेही नाव नव्हते.

आता जवळचे उदाहरण. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2004 पासून नवी योजना लागू केली, आणि तिची अधिसूचना 22 डिसेंबर 2003 ची आहे. सीमा सुरक्षा दलासारख्या दलांत निवड आधी होऊन नियुक्ती नंतर झालेल्या जवानांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यांना जुनी पेन्शन मिळाली. एकेक याचिका मान्य होत गेल्यावर केंद्राने 17 फेब्रुवारी 2020 च्या ज्ञापनाने, 1 जानेवारी 2004 पूर्वी निकाल लागलेल्यांना विकल्प दिला, आणि पुढे 3 मार्च 2023 च्या ज्ञापनाने, ज्या पदांची जाहिरात 22 डिसेंबर 2003 पूर्वी निघाली होती अशा पदांवर लागलेल्या सर्वांना 31 ऑगस्ट 2023 पर्यंत एकदाच विकल्प दिला. महाराष्ट्रानेही 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने, 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातींवर नंतर लागलेल्यांना असाच विकल्प दिला. केंद्राचे ज्ञापन किंवा शेजारच्या राज्याचा निर्णय मध्य प्रदेशाला आपोआप बांधत नाही, हे लक्षात ठेवावे. पण निवेदनात त्यांचा उल्लेख अवश्य करावा. एकाच प्रकारच्या अन्यायावर दोन सरकारांनी एकच उपाय केला, आणि तोही न्यायालयांनी मान्य केलेल्या तत्त्वावर, हे सांगितले की नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला कारण लिहावे लागते.

पैशाचा भाग बहुतेकांना शेवटी सुचतो; तो आधी समजून घ्यावा. यजमानांच्या खात्यात आज त्यांची दहा टक्के वर्गणी आहे, शासनाचा हिस्सा आहे, आणि दोन्हींवर बाजारातून झालेली वाढ आहे. केंद्राच्या 2023 च्या व्यवस्थेत विकल्प दिलेल्या कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी व्याजासह भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जाते, शासनाचा हिस्सा शासनाकडे परत जातो, आणि गुंतवणुकीतून झालेली वाढही शासनाच्या लेख्यात जमा होते. म्हणजे वीस वर्षांत बाजारात जे वाढले ते सोडून द्यावे लागते, आणि बदल्यात शेवटच्या पगारावर आधारलेली, महागाई भत्ता जोडलेली आयुष्यभराची पेन्शन व मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. माझ्या मते पंचवीस-तीस वर्षे नोकरी होणाऱ्या माणसाने हा सौदा करावा. पण तो सौदा आहे, फुकट लाभ नाही, हे घरात बसून आकडे मांडून पाहावे. छत्तीसगडने 2022 मध्ये जुनी पेन्शन परत आणली तेव्हा अडचण इथेच आली. नव्या योजनेत जमा झालेला पैसा राज्याला परत करण्याची कायद्यात तरतूद नाही, असे निवृत्तिवेतन निधी नियामकाने कळवले, आणि मग छत्तीसगडने कर्मचाऱ्यांनी शासनाचा हिस्सा व त्यावरची वाढ निवृत्तीनंतर स्वतः भरावी अशी अट घातली. मागील तारीख कागदावर देणे सोपे असते. त्या तारखेपासूनचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणे कठीण असते. मध्य प्रदेशात त्यासाठी ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयाकडून भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक मिळेपर्यंतची सगळी मजल मारावी लागते.

कायदा आपल्या बाजूने मागे जातो तसा विरुद्धही जातो, आणि म्हणूनही मी विधेयकाचा आग्रह धरू नका म्हणतो. सप्टेंबर 2019 मध्ये प्रेमसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या वर्कचार्ज (ठरावीक कामाच्या खर्चातून पगार मिळणाऱ्या) कर्मचाऱ्यांची कायम होण्यापूर्वीची सेवा पेन्शनसाठी धरायला सांगितली. त्यानंतर उत्तर प्रदेशाने आधी अध्यादेश आणि मग 2021 मध्ये कायदा करून अर्हकारी सेवेची, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेची, व्याख्याच थेट 1 एप्रिल 1961 पासून बदलली, म्हणजे ज्या आधारावर निकाल उभा होता तो आधारच काढून घेतला. केंद्रानेही 2025 च्या वित्त कायद्यात आपल्या पेन्शन नियमांना 1 जून 1972 पासून वैधता देणारा स्वतंत्र भाग घातला आणि निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनधारकांत भेद करण्याचा अधिकार आपल्याकडे राखला. न्यू यॉर्कच्या घटनेत 1940 पासून पेन्शन सदस्यत्व हा करार मानला आहे. एकदा दिलेला लाभ तिथे कमी करता येत नाही. आपल्याकडे 1967 च्या रोशनलाल टंडन निकालापासून सरकारी नोकरी हा करार नसून दर्जा आहे, आणि दर्जाच्या शर्ती सरकार बदलू शकते. याला मर्यादा आहेत. पेन्शन ही खैरात नसून मालमत्ता आहे, हे 1971 च्या देवकीनंदन प्रसाद आणि 1982 च्या डिसेंबरातल्या नकारा निकालांनी पक्के केले, आणि मिळालेला हक्क मागील तारखेचा नियम करून काढून घेता येत नाही, हे 1997 मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रंगधामय्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितले. पण हक्क आधी मिळालेला असला पाहिजे. आपल्या प्रकरणात तो मिळवायचाच आहे.

मिळवायचा तो कागदाने. काही वर्षांपूर्वी आपल्या यजमानांसारखेच प्रकरण घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचे यजमान वारले होते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन कोणत्या योजनेतून, हा प्रश्न होता. सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर रुजू दिनांक 17 जानेवारी 2005 होता. त्याबद्दल वाद नव्हता. नियुक्तिपत्रावर तारीख 27 डिसेंबर 2004 छापलेली होती, आणि खात्याचे म्हणणे असे की पत्र वेळेवर निघाले, माणूसच सावकाश आला. बाईंनी पिशवीतून कागद काढून माझ्या टेबलावर एकेक मांडले. त्यांत एक खाकी पाकीट होते, दोन घड्या पडलेले, कडा कुरतडलेल्या. यजमानांनी ते का ठेवले होते कुणास ठाऊक. पाकिटावरचा टपालाचा शिक्का खिडकीच्या उजेडात धरून पाहिला तेव्हा गोल शिक्क्यातली तारीख वाचता आली: 11 जानेवारी. आम्ही माहितीच्या अधिकारात त्या कार्यालयाच्या जावक नोंदवहीची पाने मागवली. 27 डिसेंबरच्या नोंदी आधीच्या पानावरच संपलेल्या होत्या, आणि या पत्राचा जावक क्रमांक 11 जानेवारीच्या रकान्यात, इतर सतरा पत्रांच्या मधोमध होता. त्या एका ओळीने दोष कुणाचा हे ठरवले. माणूस पत्र हातात पडल्यापासून चार दिवसांत हजर झाला होता. नुसत्या नियुक्तिपत्रावर ते प्रकरण उभे राहिले नसते.

तेव्हा आपण आधी हे पाहावे की सप्टेंबर 2004 ते मार्च 2005 या सहा महिन्यांत नेमके काय अडले होते. पोलीस पडताळणी अडली असेल तर फॉर्म खात्याकडून ठाण्यात कधी गेला आणि परत कधी आला, वैद्यकीय तपासणी अडली असेल तर मंडळाची तारीख कुणी दिली, जागा रिकामी नव्हती म्हणून थांबवले असेल तर त्याच विभागात दुसऱ्या कुणाला त्या काळात रुजू करून घेतले का. यजमानांनी स्वतः मुदतवाढ मागितली असेल, लग्नासाठी किंवा आधीच्या नोकरीतून मोकळे होण्यासाठी, तर ते लपवू नये. तो कागद खात्याकडे असतो आणि नेमका सुनावणीच्या दिवशी बाहेर येतो. नियुक्तिपत्रातली अटही वाचावी. नवी अंशदायी पेन्शन लागू राहील असे वाक्य त्यात असेल, तर खाते त्यावर बोट ठेवील, आणि उत्तर असे द्यावे लागेल की ती अट उशिरामुळेच आली, उशीर झाला नसता तर ती लिहिलीच गेली नसती.

त्याच यादीतले जे सहकारी डिसेंबर 2004 मध्ये रुजू झाले त्यांच्यापैकी गुणवत्तेत यजमानांच्या खाली कोण होते, हे शोधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. खालच्या क्रमांकाच्या उमेदवाराला आधी नियुक्ती आणि वरच्याला नंतर, हे निवड यादी आणि दोन नियुक्तिपत्रे शेजारी ठेवून दाखवता आले, तर मानीव दिनांक मागण्याला त्याहून भक्कम पाया नाही. आपल्या पत्रात आपण याबद्दल काही लिहिलेले नाही.

कागद जमल्यावर खात्याच्या प्रमुखामार्फत वित्त विभागाला उद्देशून निवेदन द्यावे, फक्त पेन्शनपुरते, आणि त्याची पोच घ्यावी. ठरावीक काळात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात याचिका करता येईल, आणि शक्य असेल तर त्याच यादीतल्या चार-पाच जणांनी मिळून करावी. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने डावलला जातो असे धरले जाते, त्यामुळे उशीर झाला एवढ्यावरून दावा सहसा फेटाळत नाहीत. 2008 च्या तरसेमसिंग निकालानुसार थकबाकी मात्र याचिकेपूर्वीच्या सर्वसाधारण तीन वर्षांचीच मिळते. तरी यजमान नोकरीत असतानाच हे करावे. निवृत्त होऊन नव्या योजनेतला साठा उचलला आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांची वार्षिकी (ठरावीक रक्कम नियमित देणारी योजना) विमा कंपनीकडून घेतली, की ते सगळे उलटे फिरवायला कुणी सहज तयार होत नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र निवेदनाची वाट न पाहता या आठवड्यातच टाका. दहा रुपयांत, तीस दिवसांत उत्तर येते. त्यात संपूर्ण निवड यादी क्रमांकांसह, यादीतल्या प्रत्येकाच्या नियुक्तिपत्राची आणि रुजू होण्याची तारीख, आणि सप्टेंबर 2004 ते मार्च 2005 या काळातल्या जावक नोंदवहीची पाने मागा. नोंदवह्या ठरावीक वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत असते, आणि आपल्या प्रकरणाला वीस वर्षे उलटून गेली आहेत. आणि घरी यजमानांचे नियुक्तिपत्र ज्या पाकिटातून आले ते कुठे ठेवले असेल, तेही शोधा.